रेवतीचं फोल्डर

"बसलं बघ तुझं लाडकं," जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या. आवाजात एवढा आनंद होता की मला आधी वाटलं, त्यांच्या माहेरचं कुणी आलं.

मी तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरचा पडदा निळाशार झाला होता आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. नेहमीसारखा आला, क्षणभर बरा वाटला, आणि मी खुर्ची ओढून बसते न बसते तोच परत निळा. दसऱ्यापासून हेच चाललं होतं. आधी दिवसातून एकदा जायचा, मग मनात येईल तेव्हा जायला लागला, आणि आता तर चहा उकळेपर्यंतही दम धरेना.

"पूजेच्या दिवशी हात लावलास तू," मागून सासूबाई म्हणाल्या. "नको नको म्हणत होते मी."

"फडक्यानं पुसला फक्त, आई. तोही पूजेच्या आधी."

"तेच ते."

इचलकरंजीत खंडेनवमीला माग बंद ठेवून त्यांची पूजा करतात. आमच्या मुसळ्यांच्या घरात माग जाऊन ब्लाउजपीसवर भरतकाम करणारं मशीन आलं होतं, म्हणून मशीनची पूजा, आणि मशीनला डिझाइन पुरवतो म्हणून कॉम्प्युटरचीही. वर्षभर त्याच्यापुढं बसणारी मी, पण पूजेला मी उंबऱ्याबाहेर. नवरा गेलेल्या बाईनं हळदीकुंकवाच्या ताटाला शिवायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. जाऊबाईंनी त्या दिवशी हात राखला नाही. फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, मूठ भरून अक्षता टाकल्या आणि वर झेंडू. मी दारातून बघत होते. खोटं कशाला बोलू, दिसत होतं छान.

हे काविळीनं गेले त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. हे म्हणजे माझे यजमान, सुधाकर. धंद्यात कॉम्प्युटर आणला तो ह्यांनी, पंचिंगचं सॉफ्टवेअर मुंबईहून आणलं ते ह्यांनी, आणि मला शिकवलं तेही ह्यांनीच. पंचिंग म्हणजे कागदावर काढलेल्या नक्षीचा एकेक टाका कॉम्प्युटरवर बसवत जायचा, कुठला आधी, कुठला नंतर, कुठं दोरा तुटणार. मग ती टाक्यांची फाइल पेनड्राइव्हवर घालून खाली शेडमध्ये न्यायची आणि मशीनला द्यायची. मशीनला नक्षी कळत नाही, टाके कळतात. नक्षी लहानमोठी करायची तर परत सॉफ्टवेअरमध्येच यावं लागतं.

ह्यांच्या मागं सगळा कारभार थोरल्या दिरांकडं गेला. अरविंदभाऊजी. माणूस हुशार, मला ते नाकारायचं नाही. आमच्या धंद्यात चोऱ्या होतात त्या डिझाइनच्या होतात. कुणीतरी पेनड्राइव्ह लावतो आणि दुसऱ्याची वर्षाची मेहनत खिशात घालून जातो. म्हणून भाऊजींनी कॉम्प्युटरच्या डब्याला लोखंडी जाळीची पेटी करून घेतली. बटण दाबायला बोट जाईल एवढंच भोक. पेटीची किल्ली आणि पेनड्राइव्ह एकाच कडीला, आणि ती कडी भाऊजींच्या पँटच्या पट्ट्याला. रोज संध्याकाळी ते येत, पेटी उघडत, मी दिवसभर केलेलं काम पेनड्राइव्हवर घेत आणि पेटी लावून जात. कधी "चांगलं झालंय" म्हणाले नाहीत. "उद्या लवकर बस" म्हणायचे.

पण मी दिवसभर जे करत होते ते सगळं भाऊजींना दिसत नव्हतं. जेवणानंतर घर आडवं व्हायचं, तेव्हा मी माझं वेगळं काम काढायचे. त्याचं एक फोल्डर केलं होतं, दहा फोल्डरांच्या पोटात ठेवलेलं. नाव दिलं होतं 'रेवती'. रेवती माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती. त्या फोल्डरात पाखरं होती. साडीच्या काठाची कोयरी असते ना, तिच्या टोकातून एक पोपट निघतो, पुढच्या कोयरीतून दुसरा, आणि ब्लाउजच्या पाठीवर येईपर्यंत त्यांचा थवा होतो, अशी सगळी माळ. तसलं काम तोवर बाजारात मी पाहिलं नव्हतं. त्यातलं एक पाखरू पाठमोरं होतं, मान वाकडी, शेपूट नको तेवढी लांब. ते रेवतीनं काढलेलं. मी तिची रेघ जशीच्या तशी ठेवून त्यावर टाके बसवले होते.

कोल्हापुरात राजारामपुरीत निर्मला इंगवले नावाच्या बाईंचं ब्लाउज-साड्यांचं मोठं दुकान होतं. एका लग्नात ओळख झाली. माझ्या ब्लाउजच्या बाहीवरचं भरत बघून म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत? नमुने घेऊन या. बरे वाटले तर मी तुम्हाला ठेवून घेते. दुकानाच्या वर एक खोली आहे, मुलीला घेऊन राहा." एवढंच. पण त्या एका वाक्यावर मी अख्खा पावसाळा काढला होता. नमुने तयार होते. फक्त ते जाळीच्या पेटीत होते, आणि किल्ली भाऊजींच्या पट्ट्याला.

म्हणून कॉम्प्युटर निळा पडायला लागला तेव्हा मला भीती वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला. दुरुस्तीला कॉम्प्युटरवाला सुहास येणार, हार्ड डिस्क काढून दुकानात नेणार, आतलं सगळं बाहेर काढणार. सुहास चौगुलेची पुतणी रेवतीच्या वर्गात. मी शाळेच्या दारात त्याच्या भावजयीकडून निरोप धाडला, एक फोल्डर गुपचूप वेगळ्या सीडीवर काढून द्या. तिनं होकार आणला. त्या दिवशी मी किती दिवसांनी गाणं गुणगुणत भांडी घासली. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बाई सुखात दिसते."

सुहास आला तो सकाळी, भाऊजी घरी असतानाच. भाऊजींनी पेटी उघडून दिली. सुहासनं तार जोडली, कॉम्प्युटर चालू केला, निळा झाल्यावर अक्षरं वाचली आणि जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. त्याला घाई होती. त्याला कायम घाई असायची.

"सिस्टिम गेली, मालक."

"म्हणजे?"

"ऑपरेटिंग सिस्टिम. ज्यावर बाकी सगळं चालतं ती. खराब झालीया. आता दोन रस्ते." त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं. "एक तर रिपेअर करायची. हार्ड डिस्क दुकानात नेतो, आतला माल बाहेर काढतो, सिस्टिम नीट करतो, माल परत भरतो. दोन-तीन दिवस धरा. नाहीतर फॉरमॅट मारतो. जेवायच्या आत मशीन तयार. पण आतलं सगळं जाणार."

"सगळं?"

"सगळं. पाटी पुसल्यागत. पंचिंगचं सॉफ्टवेअर पण परत टाकायला लागंल. सीडी आहे न्हवं?"

"आहे की. कपाटात, सुध्यानं ठेवलेली, नंबर-बिंबर लिहून." भाऊजींनी हात झटकला. "सांगलीच्या शेठचं काम अडलंय बघ. बाहीवरचं कमळ बारीक करून मागितलंय त्यानं. ते झालं की लग्नसराईची सगळी ऑर्डर आपलीच. दोन-तीन दिवस कुठनं आणू?"

"तसं असंल तर मग..." सुहास थांबला. मी दाराशी पदर धरून उभी होते. त्याला माझा निरोप आठवला असणार. "तसं बघितलं तर रिपेअरच चांगलं, मालक. जुना माल ऱ्हातो."

"माल?" भाऊजींनी पट्ट्याची कडी सोडवली आणि पेनड्राइव्ह हातात धरून दाखवला. "माल तर हा माझ्याकडं आहे. रोजच्या रोज घेतो मी. मग आत वाचवण्यासारखं राहिलं काय?"

भाऊजी खुर्चीत बसले, माझ्या खुर्चीत, आणि माझ्याकडं वळले.

"कुमुद, तू सांग. तू बसतीस ना ह्याच्यापुढं. आत असं काही आहे का, जे माझ्याकडं नाही?"

मी म्हटलं, "रेवतीचे फोटो आहेत. ह्यांच्याबरोबरचे."

"ते तर अल्बममध्ये चिकटवलेत की."

"काही वेगळे आहेत."

"असं?" भाऊजी हसले. ते हसले तेव्हा मला कळलं, त्यांना सगळं माहीत आहे. "मालन, परवा दिवशी फोन कुणाचा आलता गं?"

जाऊबाई मघापासून ह्याचीच वाट बघत होत्या. "कोल्हापूरचा. इंगवलेबाई म्हणून. कुमुदताई आहेत का म्हणाल्या. नमुने कधी घेऊन येताय म्हणून विचारत हुत्या. मी म्हटलं, निरोप देते."

"दिलास?"

"विसरले बाई," जाऊबाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला.

सासूबाई पलंगावरून उठून बसल्या. "कुठं जाणार होतीस पोरीला घेऊन? आँ? सुध्या गेला तेव्हा तुझ्या भावानं नेलं का तुला? आम्ही ठेवलं. मीठ आमचं आणि चुली दुसऱ्याच्या?"

"आई, तुम्ही थांबा," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज गोड झाला होता. भाऊजींचा आवाज गोड झाला की घरातली पोरंसुद्धा लपायची. "कुमुद, मी वाईट माणूस नाही. तू रिपेअर म्हण, मी रिपेअर करतो. शेठला दोन दिवस थांबवतो. सुहासच्या दुकानात मी स्वतः बसतो. आतनं जे जे निघंल, पार बुडातलंसुद्धा, ते ह्या पेनड्राइव्हवर घेतो. तू एवढं राबून काढलंयस, वाया कशाला जायला पायजे? घरचं घरात राहील. बघूया तरी काय काढलंयस ते."

मग ते सुहासकडं वळले. "नाहीतर फॉरमॅट. तिलाच ठरवू दे. डिझाइन तिचं आहे, तर निकालही तिचाच पायजे. होय का नाही, सुहास?"

सुहास स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नखावर घासत बसला.

मी आजवर खूप माणसं पाहिली, वाईटही पाहिली, पण एवढं मन लावून दुसऱ्याचं बोट दारात चेपणारा माणूस दुसरा नाही पाहिला. त्यांना खात्री होती. बाई आपल्या हातानं केलेलं पुसणार नाही, रिपेअरच म्हणेल, रडेल, आणि पाखरं शेठच्या ब्लाउजवर उडतील. पुढच्या खंडेनवमीला जाऊबाई त्यांच्यावर कुंकू वाहतील आणि मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन. भाऊजींनी पाय पसरले होते आणि ते पेनड्राइव्ह बोटाभोवती गरागरा फिरवत होते.

खिडकीतून समोरच्या शेजाऱ्याच्या भिंतीवर उजेडाचे गोल ठिपके हलत होते. आमच्या गच्चीवरचे. उन्हाळ्यात सासूबाईंनी कुरडया घातल्या तेव्हा कबुतरांना घाबरवायला घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सीड्या दोऱ्यात ओवून टांगल्या होत्या. कुरडया संपल्या, पावसाळा झाला, सीड्या तशाच फिरत होत्या. ओवताना मी म्हटलं होतं, "आई, विचारून तरी घ्या, कुठली कशाची आहे." तर म्हणाल्या होत्या, "मेलेल्या माणसाच्या सीड्यांची आरती करू काय? तू तुझं काम बघ." मी माझं काम बघितलं होतं.

मी ते ठिपके पाहिले. मग पडद्याकडं पाहिलं.

"करा फॉरमॅट," मी म्हटलं.

भाऊजींचं बोट थांबलं. "काय?"

"फॉरमॅट करा. वाचवण्यासारखं काही नाही त्यात."

जाऊबाईंनी तोंडावरचा पदर काढला. भाऊजी माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी मला तोपर्यंत असं नीट कधी पाहिलं नव्हतं. मागं घेता आलं असतं त्यांना, पण सुहाससमोर, बायकोसमोर आणि आईसमोर निकाल माझा म्हणून बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला.

"ऐकलंस ना सुहास? कर. आणि अर्धवट नको, पार धुऊन काढ."

"वहिनी, नक्की?" सुहासनं हळूच विचारलं.

"नक्की."

त्यानं सीडी घातली, काही बटणं दाबली. पडद्यावर पिवळी पट्टी आली आणि डावीकडून उजवीकडं सरकायला लागली. मी बघत उभी राहिले. जा म्हटलं असतं तरी गेले नसते. पट्टी पुढं जायची आणि मला वाटायचं, आता पहिली कोयरी गेली, आता थवा गेला. असं काही होत नसतं, मला माहीत आहे, सगळं एकदमच जातं. पण मी तसं मोजत होते. पाठमोरं पाखरू मी शेवटाला ठेवलं. पट्टी भरली तेव्हा तेही गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

"आता रडून काय उपेग," सासूबाई म्हणाल्या. "चहा टाक सगळ्यांना."

मी चहा टाकला. बाहेर आले तेव्हा सुहास डोकं खाजवत होता. नवी सिस्टिम भरायला घेतली होती आणि ती अर्ध्यात येऊन परत तोच निळा पडदा. त्यानं पुन्हा सुरुवात केली. परत निळा.

"असं कसं?" भाऊजी म्हणाले. "आता तर सगळं कोरं आहे की."

"कोरं आहे म्हणूनच कळंना झालंय." सुहासनं कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "लई तापलाय हो." त्यानं पहिल्यांदाच डब्याच्या बाजूचे स्क्रू काढले आणि पत्रा ओढला.

आधी अक्षता पडल्या. फरशीवर टपटप, डब्याच्या हवेच्या फटींतून आत गेलेले लाल तांदूळ. मग त्यानं आतला छोटा पंखा दाखवला. हळदकुंकू पाण्यात कालवून त्याचा लगदा झाला होता, वाळून कडक झाला होता, आणि पात्यांच्या फटीत झेंडूचा देठ घट्ट अडकला होता. पंखा फिरतच नव्हता. सुहासनं नखानं देठ उपटला, ब्रशनं लगदा खरवडला, फुंकर मारली. लाल धूळ उडाली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसली. तार जोडून चालू केला, तर पंखा गर्रकन फिरला. मग नवी सिस्टिम सुरुवातीपासून शेवटपर्यंत विनातक्रार भरली गेली.

खोलीत कुणी कुणाकडं बघेना. जाऊबाई फरशीवरच्या अक्षतांकडं बघत होत्या.

"सिस्टिम चांगलीच होती म्हणायची," सुहास कसनुसं म्हणाला. "आत गरम होऊन बंद पडत होता नुसता. मी आधीच झाकण काढायला पायजे होतं, वहिनी. फॉरमॅटची गरजच नव्हती."

हे त्यानं मला का सांगितलं, कोण जाणे. चांगल्या मनानं सांगितलं असणार. पण मला त्या वाक्याची जी कळ लागली ती निळ्या पडद्याची लागली नव्हती, भाऊजींच्या गोड आवाजाचीही नव्हती. माझी पाखरं जिवंत होती. एका झेंडूच्या देठासाठी मी ती माझ्या तोंडानं मारली होती.

"देवाच्या कुंकवाला नावं ठेवू नका," सासूबाई म्हणाल्या. "कुंकवानं कधी वाईट होत नाही. दारात कोण उभं होतं तेव्हा, ते बघा."

आणि भाऊजी हसायला लागले. पोट धरून, खुर्ची हलेपर्यंत. "अगंगं! वाचली असती की गं तुझी डिझाइनं! घाई झाली तुला!" डोळे पुसत म्हणाले, "असू दे. परत काढ. हात आहेत की तुला. आता गपगुमान बस आणि शेठचं कमळ बारीक कर. सुहास, सॉफ्टवेअर टाक. मालन, सीडी आण कपाटातली."

जाऊबाई आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग खण ओढल्याचा, मग दुसरा खण. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सीडीचं प्लॅस्टिकचं पाकीट होतं. त्यावर ह्यांच्या अक्षरात सॉफ्टवेअरचं नाव, नंबर, सगळं. आत काही नव्हतं.

"सीडी कुठाय?" भाऊजींनी विचारलं.

जाऊबाईंनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी छताकडं पाहिलं. मग सगळ्यांनी खिडकीतून समोरच्या भिंतीकडं पाहिलं, तिथं ठिपके फिरत होते.

भाऊजी जिन्यावरून धावत गेले. त्यांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात दोऱ्याची अख्खी माळ होती, सीड्या एकमेकींवर आपटत होत्या. कबुतरांनी तिला घाबरायचं कधीच सोडून दिलं होतं, ते दिसतच होतं. त्यांनी शर्टाच्या टोकानं एकेक पुसायला सुरुवात केली. भजनं निघाली, कुणाच्या तरी लग्नाची निघाली. मग ती निघाली. ह्यांच्या हातचा निळ्या पेनाचा नंबर अर्धा उडाला होता. सुहासनं ती उजेडापुढं धरली. चंदेरी मुलामा पोपडे निघून गेला होता आणि तिच्यातून सुहासचा डोळा आरपार दिसत होता.

"ही नाही चालायची, मालक."

"पुसून बघ की. साबण लावून..."

"नवीन मागवावं लागंल. मुंबईवरनं. दिवाळी झाल्याशिवाय कुणी देणार नाही."

"मग पेनड्राइव्हवरचं?"

"ते मशीनवर चालंल की. जसं आहे तसं. पण बारीक-मोठं काही करता यायचं नाही."

शेठला बारीकच हवं होतं. भाऊजी खाली बसले, खुर्चीत नव्हे, पलंगाच्या कडेवर, आईशेजारी. मग त्यांचं डोकं हळूहळू माझ्याकडं वळलं.

"तुला माहीत होतं."

"उन्हाळ्यात सांगितलं होतं मी," मी म्हटलं. "आईंना विचारा."

सासूबाईंचा हात दोऱ्याच्या गाठीवर होता आणि त्या ती सोडवत बसल्या होत्या, जशी काही सीडी दोऱ्यातून निघाली की चालेल.

"आता शेठला काय सांगू?" भाऊजींचा आवाज गोड नव्हता, कडूही नव्हता. पहिल्यांदाच तो नुसता आवाज होता. "कुमुद, काहीतरी कर. कमळ तेवढं..."

"काढा की तुम्ही," मी म्हटलं. "हात आहेत की तुम्हाला."

चहा तसाच निवला होता. मी कप उचलले, विसळले, पालथे घातले आणि रेवतीला शाळेतून आणायला निघाले. येताना घरी आलो नाही. शाळेच्या दारातूनच आम्ही कोल्हापूरच्या गाडीत बसलो. रेवतीच्या दप्तरात डबा होता आणि माझ्या पिशवीत काही नव्हतं.

इंगवलेबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "नमुने कुठायत?" मी म्हटलं, गेले. त्या म्हणाल्या, "मग कशावरून ठेवू?" त्या धंदा करायला बसल्या होत्या, मी त्यांना दोष देत नाही. दुकानावरची खोली मिळाली नाही. मागच्या गल्लीत एका म्हातारीकडं पोटमाळा मिळाला, आणि त्यांच्या दुकानात काम मिळालं ते ब्लाउजला हूक लावायचं आणि काजं करायचं. बोटं फुटायची. माझ्या पाखरांवर पोट भरायचं ठरलं होतं आणि मी हूक लावत होते. कॉम्प्युटरपुढं बसवायला त्यांना दोन दिवाळ्या लागल्या.

पुढं ती माळ मी परत काढली. कोयऱ्या आल्या, पोपट आले, थवाही आला, आधीपेक्षा बरा आला म्हणायला हरकत नाही. त्यावर आमचं सगळं उभं राहिलं. फक्त ते पाठमोरं पाखरू येईना. कितीदा बसले, मान वाकडी करून पाहिली, शेपूट लांबवून पाहिली. ती माझी रेघ नव्हतीच. रेवती कॉलेजात गेल्यावर एकदा तिला म्हटलं, तूच काढून दे, लहानपणी काढलं होतंस तसं. तिनं काढलं. फार सुंदर काढलं. मान बरोबर, शेपूट बेताची. मी कागद घडी घालून ठेवून दिला.

"ते जुनं कुठं गेलं गं?" तिनं विचारलं. "काकांनी घालवलं ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी घालवलं. मला विचारलं होतं त्यांनी. मीच म्हटलं, करा."

तिला ते पटलं नाही, तिच्या तोंडावर दिसत होतं. आपल्या आईनं असं केलं हे पोरीला आवडत नाही. मलाही त्या पाखराचं आठवलं की आत काहीतरी तुटतं. पण दुसरंही सांगून टाकते. उजेडात आरपार दिसणारी ती सीडी शर्टाला पुसत बसलेले भाऊजी डोळ्यांपुढं आले की मला आजही बरं वाटतं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच सांगेन.